सर्च म्हणजे काय? 'सर्च' आणि 'सर्च फॉर' यांचा मराठी अर्थ, फरक आणि वापर

मोबाइल हातात घेतला की दिवसातून किमान दहा वेळा आपण हा शब्द बघतो. यूट्यूबवर भिंगाचे चिन्ह, त्याच्या शेजारी 'सर्च'. इन्स्टाग्रामवर सर्च, व्हॉट्सॲपवर सर्च, रेल्वेचे तिकीट काढतानाही सर्च. "जरा सर्च मारून बघ ना," हे वाक्य तर आता मराठीच झाले आहे. शब्द इतका ओळखीचा आहे की त्याचा अर्थ वेगळा बघावा असे कोणाला वाटत नाही.

पण समजा, तुमच्या गल्लीतले एक आजोबा सकाळी फिरायला गेले आणि दुपारपर्यंत परत आले नाहीत. कोणीतरी घाईघाईने इंग्रजीत पोस्ट टाकतो: "पोलीस आर सर्चिंग हिम." त्याला म्हणायचे असते की पोलीस आजोबांना शोधत आहेत. पण इंग्रजीत या वाक्याचा अर्थ होतो की पोलीस आजोबांची झडती घेत आहेत! एक 'फॉर' राहून गेला आणि हरवलेला माणूस संशयित झाला.

म्हणून आज आपण सर्च या शब्दाचा अर्थ, त्याचा योग्य वापर, त्याच्या जवळचे शब्द आणि आपल्याकडून नेहमी होणाऱ्या चुका सोप्या भाषेत समजून घेऊ.

## सर्च शब्दाचा मराठी अर्थ

सर्च हा शब्द इंग्रजीत क्रियापद म्हणूनही येतो आणि नाम म्हणूनही येतो.

- क्रियापद असताना अर्थ: शोध घेणे, धुंडाळणे, झडती घेणे, तपासणे.
- नाम असताना अर्थ: शोध, शोधमोहीम, झडती, तपासणी.

भूतकाळी रूप 'सर्च्ड' आणि चालू काळातले रूप 'सर्चिंग'. सर्च करणारा तो 'सर्चर', पण हा शब्द फार वापरात नाही. स्पेलिंग एस-ई-ए-आर-सी-एच असे आहे. मधला 'ए' उच्चारात ऐकू येत नाही, त्यामुळे तो लिहायला विसरणारे बरेच आहेत.

## 'सर्च' आणि 'सर्च फॉर' यांतला फरक

सगळा घोळ इथेच आहे, म्हणून हा भाग नीट वाचा.

मराठीत आपण "मी चावी शोधतोय" म्हणतो. जी वस्तू हवी आहे ती 'शोधणे' या क्रियापदाला थेट जोडतो. इंग्रजीतल्या सर्चचे तसे नाही. सर्चला थेट जोडायची असते ती जागा, जिथे आपण शोधतो. जी वस्तू हवी आहे तिच्याआधी 'फॉर' लागतो.

- "आय सर्च्ड द कपाट" असे कोणी म्हणाले, तर त्याने कपाट उचकून पाहिले.
- "आय सर्च्ड फॉर द चावी" म्हणाले, तर त्याने चावीचा शोध घेतला.
- दोन्ही एकत्र सांगायचे तर: "आय सर्च्ड द कपाट फॉर द चावी." म्हणजे चावीसाठी अख्खे कपाट धुंडाळले.

लक्षात ठेवायला एक सोपी खूण. मराठीत 'पिंजून काढणे' आणि 'पालथे घालणे' असे दोन वाक्प्रचार आहेत. आपण "सारे गाव पिंजून काढले", "घर पालथे घातले" असे म्हणतो. "चावी पिंजून काढली" असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीतला नुसता सर्च अगदी याच चालीने चालतो. म्हणून एवढेच पाठ करा:

- सर्च = (जागा) पिंजून काढणे
- सर्च फॉर = (वस्तू किंवा माणूस) शोधणे

आता सुरुवातीचे वाक्य पुन्हा बघा. सर्चपुढे थेट माणूस आला, तर तो माणूसच 'जागा' ठरतो. म्हणजे त्याचे खिसे, पिशवी, कपडे तपासले जात आहेत. म्हणून "पोलीस सर्च्ड हिम" म्हणजे पोलिसांनी त्याची अंगझडती घेतली. "पोलीस सर्च्ड फॉर हिम" म्हणजे पोलिसांनी त्याचा शोध घेतला.

इंटरनेटबद्दल बोलताना मात्र लोक "सर्च धिस साँग ऑन यूट्यूब" असे सर्रास म्हणतात आणि बोलताना ते खपूनही जाते. पण अर्ज, तक्रार, बातमी किंवा हरवल्याची सूचना लिहिताना 'फॉर' गाळू नका.

नाम म्हणून वापरताना एक अपवाद आहे. 'इन सर्च ऑफ' म्हणजे 'च्या शोधात'. इथे 'ऑफ' येतो. "ही केम टु पुणे इन सर्च ऑफ वर्क" म्हणजे तो कामाच्या शोधात पुण्याला आला. 'इन सर्च फॉर' असे लिहू नये.

## हा शब्द आला कुठून?

सर्च हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आला. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ होता 'फेरी मारणे, गोल फिरून पाहणे'. वर्तुळाला इंग्रजीत जो 'सर्कल' शब्द आहे, तो आणि 'सर्कस' हे याच कुळातले. हरवलेली वस्तू शोधताना माणूस आधी काय करतो? चारी बाजूंनी फिरून बघतो. शब्दाच्या पोटात तीच फेरी आहे. म्हणूनच सर्चला जागा जोडावी लागते: फेरी जागेला मारतात, वस्तूला नाही.

आपल्याकडे 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण आहे. त्यातला 'गावाला वळसा' म्हणजेच लॅटिन लोकांचा मूळ सर्च.

मराठी 'शोध' मात्र वेगळ्या वाटेने आला. संस्कृतात 'शुध्' म्हणजे स्वच्छ होणे, शुद्ध होणे. शुद्ध, शुद्धी, शोधन हे शब्द त्यातूनच निघाले. तांदळातले खडे निवडून काढावेत तसे नको ते बाजूला करत जायचे, म्हणजे हवे ते हाती लागते. इंग्रजी शब्दात फिरणे आहे, मराठी शब्दात निवडणे आहे.

## मराठीत 'शोधणे' एकच नाही

भाषांतर करताना दर वेळी 'शोधणे' हाच शब्द वापरायची गरज नाही. प्रसंग बघून शब्द निवडा.

- शोध घेणे: सर्वसाधारण, बातमीत चालणारा. "बेपत्ता मुलाचा शोध घेतला जात आहे."
- झडती घेणे: पोलीस किंवा अधिकारी घर, गाडी, अंग तपासतात तेव्हा.
- झाडाझडती: कसून घेतलेली झडती. कोणाला फैलावर घेतले तरी आपण झाडाझडती घेतली म्हणतो.
- तपास करणे: माहिती काढणे, चौकशी करणे. हा सर्चपेक्षा 'इन्व्हेस्टिगेट'च्या जवळचा. पण "अजून तपास लागला नाही" म्हणजे सापडला नाही.
- धुंडाळणे: बरीच ठिकाणे बघत जाणे. "जुनी पुस्तके धुंडाळत तो तासभर रमला."
- हुडकणे: खटपट करून शोधणे. बहुधा 'हुडकून काढणे' असे येते, म्हणजे सापडल्याचे त्यात आलेच.
- चाचपणे: अंधारात किंवा न बघता हाताने शोधणे. "उशीखाली चष्मा चाचपला."
- माग काढणे: पावलांवरून, खुणांवरून पाठलाग करत शोधणे.

## सर्च, लुक फॉर, सीक आणि फाइंड

या चार शब्दांत मराठी माणसाची सर्वांत जास्त गल्लत होते.

लुक फॉर: रोजच्या बोलण्यातला शोध. चष्मा, चार्जर, भाड्याची खोली, नोकरी यांसाठी हाच शब्द साधा आणि बरोबर. "आय ॲम लुकिंग फॉर अ रूम." सर्चमध्ये कसून, पद्धतशीर शोधण्याचा भाव आहे, लुक फॉरमध्ये तो नाही. मात्र 'लुकिंग फॉरवर्ड टु' वेगळे, त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीची आनंदाने वाट पाहणे. मेल लिहिताना या दोघांची अदलाबदल करू नका.

लुक अप: शब्दकोशात शब्द, वेळापत्रकात गाडी, यादीत नंबर बघणे. "लुक इट अप" म्हणजे संदर्भ काढून बघ.

सीक: औपचारिक शब्द. इथे हवी असलेली गोष्ट बहुधा हाताला लागणारी नसते: मदत, सल्ला, परवानगी, न्याय, आसरा. 'सीक परमिशन' म्हणजे परवानगी मागणे. 'जॉब सीकर' म्हणजे नोकरीच्या शोधातला उमेदवार. 'असायलम सीकर' म्हणजे दुसऱ्या देशाकडे आश्रय मागणारा. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या लग्नाच्या जाहिरातींतही 'सीकिंग' दिसतो. तिथे मराठी जाहिरात सरळ 'वधू पाहिजे' म्हणते. याचे भूतकाळी रूप 'सीक्ड' नसून 'सॉट' आहे. या शब्दाला 'फॉर' लागत नाही, कारण हवी असलेली गोष्ट थेट जोडता येते. आणखी एक: रजेच्या अर्जात 'सीक लीव्ह' लिहू नका. आजारपणाची रजा ती 'सिक लीव्ह', र्‍हस्व उच्चाराची. 'सीक लीव्ह' म्हणजे रजा मागणे.

फाइंड: सापडणे, मिळणे. शोध संपतो तिथे फाइंड सुरू होतो. "आय ॲम फाइंडिंग माय फोन" हे वाक्य आपण "मी फोन शोधतोय" याचे भाषांतर म्हणून बोलतो, पण ते चूक आहे. सापडणे हे एका क्षणात होते, ते चालू राहत नाही. बरोबर वाक्य: "आय ॲम लुकिंग फॉर माय फोन." आणि सापडल्यावर: "आय फाउंड इट."

थोडक्यात, लुक फॉर म्हणजे शोधणे, सर्च फॉर म्हणजे कसून शोधणे, सीक म्हणजे मागणे किंवा मिळवायचा प्रयत्न करणे, आणि फाइंड म्हणजे सापडणे.

## कायद्यातला सर्च: शोध नव्हे, झडती

कोर्ट-कचेरीच्या भाषेत सर्चचा अर्थ बहुधा झडती असा होतो. 'सर्च वॉरंट' म्हणजे झडतीचे वॉरंट, शोधपत्र नव्हे. 'सर्च अँड सीझर' म्हणजे झडती आणि जप्ती.

हा अर्थ माहीत असणे प्रत्येकाच्या कामाचे आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात झडतीबद्दल काही नियम दिले आहेत. जागेची झडती घेण्याआधी त्या भागातल्या दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवाशांना साक्षीदार म्हणून बोलवायचे असते. आपण त्यांना पंच म्हणतो. जप्त केलेल्या वस्तूंची यादी करायची असते आणि तिची प्रत त्या जागेत राहणाऱ्याला द्यायची असते. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायचे असते. स्त्रीची अंगझडती घ्यायची असेल तर ती दुसऱ्या स्त्रीनेच, शालीनता सांभाळून घ्यायची असते.

बातम्यांत दिसणारा 'आयकर विभागाचा सर्व्हे' आणि 'आयकर विभागाचा सर्च' हेही एक नव्हेत. सर्व्हे म्हणजे व्यवसायाच्या जागी जाऊन केलेली पाहणी. सर्च म्हणजे घरापर्यंत पोहोचू शकणारी झडती, जिच्यात जप्तीचा अधिकार असतो. मराठी बातमीत ज्याला आपण छापा म्हणतो तो हा दुसरा. नुसत्या सर्व्हेला छापा म्हणून पोस्ट फॉरवर्ड केली, तर एखाद्याची नाहक बदनामी होते.

## सर्चपासून बनलेले शब्द आणि वाक्प्रचार

- सर्च पार्टी: शोधपथक. डोंगरात ट्रेकर हरवला की हीच निघते. इथल्या 'पार्टी'चा जेवणाशी संबंध नाही.
- सर्च अँड रेस्क्यू: शोध आणि बचावकार्य.
- सर्चलाइट: शोधदिवा, दूरवर झोत टाकणारा दिवा.
- सोल-सर्चिंग: आत्मपरीक्षण, स्वतःच्या मनाची झडती.
- सर्चिंग क्वेश्चन: खोलात शिरणारा, सहज टाळता न येणारा प्रश्न.
- सर्च मी!: "माझी झडती घे" असा शब्दशः अर्थ, पण बोलताना "मला काय ठाऊक!" या अर्थाने वापरतात.
- रिसर्च: संशोधन. याच सर्चला 're' म्हणजे 'रि' जोडून तयार झालेला, कसून शोध घेणे या अर्थाचा शब्द.

## 'शोध' आणि 'संशोधन': हिंदीतून मराठीत येताना सावध

हिंदी मजकूर मराठीत फॉरवर्ड करताना एक चूक फार होते. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती. 'संविधान संशोधन' म्हणजे घटनादुरुस्ती. मराठीत संशोधन म्हणजे रिसर्च. त्यामुळे "कायद्यात संशोधन" असे मराठीत आले, तर कोणीतरी कायद्यावर अभ्यास करत आहे असा अर्थ होतो. उलट हिंदीत 'शोध' म्हणजे रिसर्च आणि आपल्या शोधाला हिंदीत 'खोज' म्हणतात. मोबाइलमधले आपोआप भाषांतरही इथे फसू शकते.

मराठी 'शोध' तर तीन इंग्रजी शब्दांचे काम एकटा करतो. चावीचा शोध हा सर्च, गुरुत्वाकर्षणाचा शोध ही डिस्कव्हरी आणि टेलिफोनचा शोध हे इन्व्हेन्शन. "शोध घेतला" आणि "शोध लागला" एवढ्या क्रियापदाच्या फरकावर आपण अर्थ ओळखतो.

या शब्दांची एक सुंदर जोडी गडचिरोली जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरे मिळून 'सर्च' हा शब्द तयार होतो आणि संस्थेच्या परिसराचे नाव आहे 'शोधग्राम'. गावागावांत प्रशिक्षित महिलांकरवी घरीच नवजात बाळांची काळजी घेण्याच्या तिथल्या पद्धतीवरचा अभ्यास १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बालमृत्यू का होतात हे तिथे गावोगावी फिरून शोधले गेले. सर्चमधले फिरणे आणि शोधमधले निवडणे असे दोन्ही त्यात आले.

## मोबाइलवर सर्च करताना

'गुगल' हा शब्द आता क्रियापदही झाला आहे आणि २००६ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने त्याची तशी नोंद घेतली. "गुगल कर" म्हणजेच इंटरनेटवर सर्च कर. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. नेमके शब्द हवे असतील तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. त्याच क्रमाने ते शब्द असलेली पाने आधी दिसतात.

२. नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह लावा. तो शब्द असलेले निकाल गाळले जातात.

३. बँक, गॅस, कुरिअर यांचा कस्टमर केअर नंबर सर्च करून लगेच फोन लावू नका. वर दिसणारा नंबर खरा असेलच असे नाही, ती भामट्यांची जाहिरातही असू शकते. नंबर पासबुक, कार्डाची मागची बाजू किंवा कंपनीचे अधिकृत ॲप यांवरून घ्या. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

सर्चने जे समोर आले ते 'सापडले' असे समजायचे नाही. सर्च म्हणजे फेरी, आणि निवडायचे काम आपलेच असते.

## हरवलेल्या व्यक्तीची पोस्ट कशी लिहावी?

आता पुन्हा त्या आजोबांकडे वळू. अशी पोस्ट लिहिताना इंग्रजी येत नसेल तर मराठीतच लिहा, ते जास्त चांगले. इंग्रजीत लिहायची असेल तर ही वाक्ये वापरता येतील:

- "वी आर सर्चिंग फॉर अवर ग्रँडफादर." (आम्ही आमच्या आजोबांचा शोध घेत आहोत.)
- "ही हॅज बीन मिसिंग सिन्स मॉर्निंग." (ते सकाळपासून बेपत्ता आहेत.)
- "इफ यू सी हिम, प्लीज कॉल." (दिसल्यास कृपया फोन करा.)

पोस्टमध्ये तारीख, वेळ, शेवटचे दिसलेले ठिकाण, अंगावरचे कपडे आणि पोलीस ठाण्याचे नाव जरूर टाका. 'आज सकाळी' एवढेच लिहिले तर तीच पोस्ट दोन वर्षांनीही 'आज'चीच म्हणून फिरत राहते. आधी पोलिसांना कळवा. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे आणि मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. व्यक्ती सापडली की पोस्ट काढून टाका किंवा तिच्यावर ठळकपणे 'सापडले' असे लिहा. शोध संपल्याचे कळवणे हाही शोधाचाच भाग आहे.

आणि अशी पोस्ट तुमच्याकडे आली, तर फॉरवर्ड करण्याआधी तारीख बघा आणि फोटो इमेज सर्चमध्ये टाकून तो जुना नाही ना, हे तपासा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सर्च आणि रिसर्च यांत फरक काय?
सर्च म्हणजे शोध घेणे, रिसर्च म्हणजे अभ्यासपूर्वक केलेले संशोधन. मोबाइलवर दोन पाने वाचली तर तो सर्च, रिसर्च नव्हे.

नोकरी शोधतोय हे इंग्रजीत कसे सांगावे?
"आय ॲम लुकिंग फॉर अ जॉब." 'सर्चिंग अ जॉब' किंवा 'फाइंडिंग अ जॉब' म्हणू नये.

'सीक' म्हणजे शोधणे की मागणे?
दोन्ही. पुढे मदत, सल्ला, परवानगी आली की 'मागणे', आणि सत्य, सुख, काम आले की 'शोधणे'.

लपंडावाला इंग्रजीत काय म्हणतात?
'हाइड अँड सीक'. हाइड म्हणजे लपणे, सीक म्हणजे शोधणे.

'सर्च हिम' आणि 'सर्च फॉर हिम' यांत कोणते बरोबर?
दोन्ही बरोबर, अर्थ मात्र वेगळे. पहिल्यात झडती, दुसऱ्यात शोध.

तर मित्रांनो, सर्च या शब्दाबद्दलची ही माहिती तुम्हाला कशी वाटली ते नक्की सांगा. 'फॉर' विसरणारा एखादा मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असेलच. त्याला हा लेख जरूर पाठवा.